मुदतीचा शिक्का

कर्नाटकात, बिदरकडच्या एका तालुक्याच्या कोर्टात इंदुताई वकिलांकडं कुणी नवा ज्युनियर आला की पहिल्या दिवशी त्याला एकच काम मिळायचं. मुदतीचा शिक्का घेऊन यायचा.

असा शिक्का जगात कुठंही नाही. पण नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला किंवा पोरीला हे कोण सांगणार? कॉलेजात राज्यघटना शिकवतात, कोर्टात कोणकोणते शिक्के असतात ते शिकवत नाहीत. इंदुताई फायलीतून मान वर न काढता सांगायच्या की मुदतीच्या, म्हणजे तारीख पुढं ढकलून मागायच्या अर्जावर शिक्का लागतो, आपला कुणीतरी नेलाय, बहुतेक विरुपाक्षअप्पांनी नेला असंल, जरा आणतोस का. मग तो ज्युनियर बार रूमच्या पलीकडच्या टोकाला विरुपाक्ष वकिलांच्या टेबलापाशी जायचा. विरुपाक्षअप्पा म्हणजे ताईंचे चाळीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. निम्म्या दाव्यांत ते एका बाजूला आणि ताई दुसऱ्या. या एका कामात मात्र दोघांची एकी होती. अप्पा कपाळाला आठ्या घालून आठवल्यासारखं करायचे, शिक्का तर नोटरीकडं दिला म्हणायचे, आणि आलाच आहेस तर बस, चहा घे, गाव कोणतं तुझं, असं विचारायचे. नोटरी टायपिस्टाकडं पाठवायचा, टायपिस्ट स्टँपवाल्याकडं, स्टँपवाला लायब्ररीच्या कपाटाकडं. संध्याकाळी पाचला तो ज्युनियर परत यायचा तेव्हा हातात शिक्का नसायचा, पण पोटात दहा-बारा चहा असायचे, आणि बारमधल्या प्रत्येकाला त्याचं नाव, गाव, वडिलांचा धंदा आणि शेवटच्या वर्षाचे मार्क पाठ झालेले असायचे.

लोक म्हणायचे, इंदुताईंना कुणाची खोडी काढल्याशिवाय जेवण जात नाही. ते खरंच होतं. पण या खोडीमागं एक जुनं दुखणं होतं आणि ते त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. शहाऐंशी साली त्या या बारमध्ये आल्या तेव्हा तिथं दुसरी बाई नव्हती. कुणी वाईट वागलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. नुसतं कुणी बोललंच नाही. त्यांचे वडील जयतीर्थराव याच कोर्टात शिरस्तेदार होते. शिरस्तेदारांच्या मुलीला हाक काय मारायची हेच न सुचून सगळे गप्प बसायचे. डबा त्या स्टँपवाल्याच्या खोक्यामागं उभ्यानं खायच्या. बार रूममधला पहिला चहा मिळाला तो तीन महिने अकरा दिवसांनी, तोही विरुपाक्ष नावाचा एक लाजरा ज्युनियर बाकावर जरासा सरकला म्हणून. पुढं स्वतःकडं पहिला ज्युनियर आला तेव्हा इंदुताईंनी ठरवलं, याला पहिल्याच दिवशी सगळ्या टेबलांवर चहा मिळाला पाहिजे. त्यांचे यजमान श्रीहरीराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यांना सरळ मार्ग आवडायचा. ते म्हणाले, मग त्याला सोबत घेऊन फिर आणि ओळख करून दे.

"त्यात मजा काय?" इंदुताई म्हणाल्या.

शिक्क्याच्या मोहिमेवर गेलेली बारावी ज्युनियर म्हणजे मंगल. ती निर्ण्याची. आजोबांचा दोनशे मेंढरांचा कळप होता. वडील भीमाशंकर यांनी तो विकून दोन एकर जमीन घेतली आणि आई अनसाबाई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाऊन पोरीच्या शिक्षणाला हातभार लावत राहिली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं बिदरला वकिली. कन्नड बोलायला फर्डं, वाचायला मात्र अक्षर-अक्षर लावत. काळा कोट एक नंबर मोठा होता, त्यामुळं तिच्या हाताची बोटं तेवढी बाहेर दिसायची.

त्या दिवशी पाच वाजता मंगल परत आली आणि तिनं टेबलावर वही उघडून ठेवली.

"सगळ्यांचा जबाब लिहून घेतलाय ताई," ती म्हणाली. "विरुपाक्षअप्पा म्हणायलेत, सोमवारी नोटरीला दिला. नोटरी सोमवारी बसवकल्याणला लग्नात होते, तेच बोलता बोलता बोलून गेले. टायपिस्ट म्हणतेत शिक्का लाकडी हाय, स्टँपवाले म्हणतेत पितळी. एकाचं दुसऱ्याला जुळंना. सगळे खोटं बोलायलेत."

"मग तू काय केलंस?"

"काय न्हाई. चहा पाजून खोटं बोलायलेत म्हणल्यावर मी बी गप्प बसले."

आधीच्या अकरा जणांपैकी कुणी रडकुंडीला आलं होतं, कुणी चिडलं होतं, एकजण तर शिक्का शोधत कलबुरगीपर्यंत जाऊन आला होता. जबाब कुणीच लिहून घेतले नव्हते. इंदुताईंनी वही दोनदा वाचली आणि त्या रात्री श्रीहरीरावांना जेवताना तेच तेच इतक्यांदा सांगितलं की त्यांनी शेवटी ताटातली भाकरी दाखवून आठवण करून दिली.

तिसऱ्या दिवशी मंगलनं ताईंच्या टेबलावर एक शिक्का आणून ठेवला.

खराखुरा. बसस्टँडजवळच्या दुकानातून बनवून घेतलेला, लाल मुठीचा, सोबत निळ्या शाईची डबी. इंदुताईंनी तो कागदावर दाबून पाहिला. गोल कन्नड अक्षरांत उमटलं : इंदुताईंना मुदत पाहिजे. बारा टेबलांवर बारा चहा पिताना मंगलला एक गोष्ट सगळ्यांकडून सारखीच ऐकायला मिळाली होती, की या कोर्टात सर्वांत जास्त मुदती इंदुताईच मागतात. तेवढ्या एका मुद्द्यावर सगळे जबाब जुळले होते.

इंदुताई हसायला लागल्या त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मग त्यांच्या हाताला तो शिक्का असा काही लागला की विचारू नका. श्रीहरीरावांच्या शब्दकोड्यावर शिक्का. विरुपाक्षअप्पांच्या डब्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावर शिक्का. दंतवैद्याच्या चिठ्ठीवर शिक्का. एका दुपारी पक्षकार आला नाही म्हणून रिकाम्या बसल्या होत्या, तेव्हा अर्ज लिहायच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातल्या वरच्या पंधरा-वीस कागदांच्या पाठीवर त्यांनी तो ओळीनं उमटवला आणि गठ्ठा होता तसा परत लावून ठेवला. पुढं त्या ते साफ विसरल्या.

खोड्या बाजूला ठेवल्या तर ताईंकडं शिकवणी कडक होती. कोर्ट सुटल्यावर त्यांच्या ऑफिसात रोज तासभर उलटतपासणीचा सराव चालायचा. साक्षीदार स्वतः इंदुताई. कधी बहिरा म्हातारा, कधी पदरानं डोळे पुसणारी विधवा, कधी प्रत्येक उत्तराआधी देवाची शपथ घेणारा पाटील. मंगल प्रश्न विचारायची. तिचे प्रश्न साधे आणि नेमके असायचे. खोट एकच होती. हवं ते उत्तर मिळालं तरी तिला थांबता यायचं नाही. एकदा साक्षीदार म्हातारी कबूल झाली की त्या रात्री तिच्याकडं चष्मा नव्हता. तिथंच काम झालं होतं. पण मंगलनं विचारलं, मग तुम्हाला चोर दिसला कसा? म्हातारी झालेल्या इंदुताई लगेच म्हणाल्या, दिसला कशाला पाहिजे, त्यानं माझ्या नावानं हाक मारली ना, आवाज वळखीचा होता. झालं, जिंकलेला खटला गेला.

"मिळालं की बसायचं," ताई तिला रोज सांगायच्या. "वकिलाला खुर्ची त्याच्यासाठीच दिलेली असते."

"पण ताई, मनात प्रश्न येतोय की."

"येऊ दे. तो घरी घेऊन जा."

त्याच सुमारास इरप्पाचा दावा सुनावणीला आला. इरप्पा निंबर्ग्याचा मेंढपाळ, पन्नाशीचा, बोलायला अगदी कमी. सुगीनंतर कळप घेऊन तो गावोगाव फिरायचा. श्रीनाथराव नावाच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता, की याच्या मेंढरांनी चोरून शेतात घुसून दोन एकर हरभरा खाल्ला. इरप्पाचं म्हणणं वेगळंच. श्रीनाथरावांनीच त्याला बोलावून हरभऱ्याच्या शेजारच्या पडीक तुकड्यात तीन दिवस मेंढरं बसवून घेतली होती, लेंडीखतासाठी. पुढं हरभऱ्यावर मर रोग आला आणि वाळलेलं पीक मेंढरांच्या नावावर लिहिलं गेलं. बोलणी सगळी तोंडी, कागद एकही नाही. श्रीनाथरावांचे वकील अर्थातच विरुपाक्षअप्पा, आणि त्यांचा साक्षीदार शेजारचा शेतकरी वीरण्णा.

तारखेच्या आदल्या दिवशी इंदुताईंची दाढ काढली. गाल फुगून नाकाच्या रेषेत आला. दोन दिवस तोंड उघडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा विरुपाक्षअप्पांनी त्या डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला. ताईंनी खुणेनं मंगलला मुदतीचा अर्ज लिहायला सांगितलं. मंगलनं गठ्ठ्यातला कागद घेतला, सावकाश सुवाच्य कन्नडमध्ये अर्ज लिहिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात दिला.

न्यायाधीश होत्या भुवनेश्वरी मॅडम. वय चौतीस-पस्तीस, शिवमोग्ग्याकडच्या. या भागात येऊन सहा महिने झाले होते आणि त्यांना हसताना अजून कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी अर्ज वाचला. मग सवयीनं उलटून पाहिला. पाठीवर काय आहे ते पाहून त्या जरा थांबल्या, आणि मग त्यांच्या त्या मऊ, दक्षिणेकडच्या कन्नडमध्ये त्यांनी ते सावकाश मोठ्यानं वाचलं. इंदुताईंना मुदत पाहिजे.

विरुपाक्षअप्पांनी तोंडासमोर फाईल धरली. फाईल हलत होती. इंदुताईंना गठ्ठा आठवला आणि ती रिकामी दुपारही.

शिक्का कुणाचा, असं मॅडमनी विचारलं. मंगल उभी राहिली आणि आपणच बनवून आणला असं तिनं सांगितलं. इंदुताई पण उभ्या राहिल्या आणि बोटानं स्वतःकडं दाखवत राहिल्या. दोघी एकाच वेळी गुन्हा कबूल करताहेत हे पाहून मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"या कागदावरून मुदत इंदुताईंना हवी आहे एवढं कळतं," त्या म्हणाल्या. "पक्षकाराला हवी आहे असं मागच्या बाजूला तरी लिहिलेलं नाही. वकालतनाम्यावर ज्युनियरची सही आहे का?"

होती.

"ज्युनियरच्या दाढा ठीक आहेत?"

"हायेत मॅडम," मंगल कशीबशी बोलली.

"मग साक्षीदाराला बोलवा. आणि तो शिक्का शिपायाकडं जमा करा."

आजवरच्या खोड्यांत फार तर कुणाची दुपार वाया गेली होती. आता मागच्या बाकावर इरप्पा बसला होता, निंबर्ग्याहून दोन बस बदलून आलेला, मांडीवर घडी घातलेलं घोंगडं. आणि इकडं आयुष्यात एकही उलटतपासणी न केलेली पोर, जिची बोटं तेवढी कोटाच्या बाह्यांतून बाहेर दिसत होती. ताईंनी चिठ्ठी लिहिली आणि तिच्या हाताखाली सरकवली. चिठ्ठीत एवढंच होतं : समोर मी बसलेय असं समज.

मंगलनं चिठ्ठी वाचली आणि वीरण्णाकडं पाहिलं. वीरण्णा जाडजूड, मोठ्या मिशांचा आणि आपल्या नजरेचा अभिमान असलेला माणूस होता. अप्पांनी घेतलेल्या सरतपासणीत त्यानं ठासून सांगितलं होतं की पहाटे उठून मी स्वतःच्या डोळ्यांनी मेंढरं श्रीनाथरावांच्या रानात पाहिली. त्याची साक्ष मराठीत चालली होती, म्हणून मंगलनं त्याला मराठीतच विचारायला सुरुवात केली. बेंच क्लार्क एकेक उत्तर कन्नडमध्ये सांगत होते, मॅडम टिपून घेत होत्या.

तिनं आधी त्याच्या नजरेचं कौतुक केलं. एवढ्या लांबून, एवढ्या पहाटे, नीट दिसलं का? वीरण्णा म्हणाला, अक्का, बांधावरचा ससा पण मला दिसतो. मग मेंढरं किती होती? दीडशेच्या वर. चूल होती का? होती, तीन दगडांची, इरप्पाची बायको भाकरी थापत होती. मंगलनं मान डोलावली, जणू ती गप्पा मारायलाच आली होती.

"मेंढरं मोकळी हिंडायलती का बसलेली व्हती?"

"बसलेली की. वाघूर लावलेली व्हती चारी बाजूनं."

इंदुताई दाढेची कळ विसरल्या. मेंढपाळांच्या घरात वाढलेल्या पोरीनं नेमकी जागा पकडली होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. खुंट्या ठोकून ती लावायची, तर पुरुषमाणसाला चांगली घटकाभर मेहनत लागते. चोरून चारायला आलेला कुणी शेताच्या मधोमध जाळी ठोकून, चूल मांडून बसत नाही. आणि जाळीतली मेंढरं पीक खायला बाहेर जातच नाहीत. दावा इथं संपला होता.

पण मंगल बसली नाही. तिचे ओठ हलले. इंदुताईंना तो प्रश्न तिच्या तोंडावर लिहिलेला दिसला : मग चोरून आलेला माणूस वाघूर कशाला लावंल? आणि वीरण्णाचं उत्तरही त्यांना दिसलं. तो म्हणणार, पीक खाऊन पोट भरल्यावर लावली असंल. ताईंनी हात लांब करून तिच्या काळ्या कोटाचं टोक धरलं आणि जोरात खाली ओढलं. मंगल खुर्चीत बसली, जरा धपकन.

"आणखी प्रश्न न्हाईत," ती बसूनच म्हणाली, मग परत उठून म्हणाली आणि परत बसली.

आता दुसरीच पंचाईत झाली. शिवमोग्ग्याच्या बाईंना वाघूर काय माहीत? क्लार्कांनाही कन्नड शब्द पटकन सापडला नाही, त्यांनी तो तसाच उच्चारला आणि पुढं सरकले. वाद-प्रतिवादात समजावून सांगता आलं असतं, पण इंदुताईंचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्या बोलू शकत नव्हत्या.

मॅडमचं पेन अडलं होतं. सहा महिन्यांत त्यांनी थोडं मराठी शिकून घेतलं होतं, पण शब्द सगळे लहान मुलांच्या पुस्तकातले.

"वाघ?" त्यांनी विचारलं. "शेतात वाघ होता?"

वीरण्णाला हसू आलं. एवढ्या मोठ्या बाईंना हे माहीत नाही म्हटल्यावर त्याच्यातला शेतकरी जागा झाला आणि साक्षीदार मागं पडला. तो पिंजऱ्यातून पुढं वाकून, सरळ कन्नडमध्येच समजावून सांगू लागला. वाघ नाही मॅडम, वाघूर. जाळी. आपण खतासाठी मेंढरं बोलावून शेतात बसवतो ना, तेव्हा ती शेजारच्या पिकात जाऊ नयेत म्हणून चारी बाजूनं जाळी लावतात. मी पण दरवर्षी बसवतो. या श्रीनाथरावांना पण मीच सांगितलं होतं, इरप्पाचा कळप चांगला आहे, बोलवा.

सांगून झाल्यावर त्याला श्रीनाथरावांचा चेहरा दिसला.

विरुपाक्षअप्पा फेरतपासणीसाठी अर्धवट उठले. त्यांनी वीरण्णाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि काही विचारायचं नाही असं सांगून खाली बसले. त्यांना ती कला इंदुताईंच्याही आधीपासून येत होती.

तीन आठवड्यांनी दावा फेटाळला गेला. इरप्पा निकालाची प्रत घ्यायला आला तेव्हा मंगलच्या टेबलावर त्यानं ते घोंगडं ठेवलं आणि ही भीमाशंकरची पोर म्हणून ओळख पटली, तुझ्या आजोबाचा कळप मी पाहिलाय, एवढं बोलून बससाठी निघून गेला. मंगल दिवसभर ते घोंगडं कुणालाच हात लावू देत नव्हती. विरुपाक्षअप्पांनी सगळ्या बारला भजी खाऊ घातली. हरल्याबद्दल भजी कशाला, असं नोटरीनं विचारलं, तर म्हणाले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा इंदुताई अख्खी सुनावणी गप्प बसल्या, त्याबद्दल.

निकाल लागल्यावर चार दिवसांनी मॅडमनी इंदुताईंना चेंबरमध्ये बोलावलं. ताई मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवत गेल्या. मॅडमनी माफी मागू दिली नाही. त्या शिक्क्याची गोष्ट काय आहे ते पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. इंदुताईंनी सांगितलं. बारा ज्युनियर, चहा, बदलणारे जबाब. आणि का कोण जाणे, समोर गंभीर चेहऱ्यानं ऐकणारी ती तरुण बाई पाहून त्यांनी शहाऐंशी सालही सांगून टाकलं, ते तीन महिने अकरा दिवस, स्टँपवाल्याच्या खोक्यामागचा डबा.

मॅडम म्हणाल्या की त्या ज्युनियर असताना त्यांच्या सीनियरनी त्यांना न्यायदेवतेचा तराजू आणायला पाठवलं होतं. पॉलिश करायचा आहे म्हणून. त्या दोन दिवस शोधत होत्या.

"इथं येऊन मला सहा महिने झाले," त्या म्हणाल्या. "मला कुणी काही आणायला पाठवलं नाही."

इंदुताई घरी आल्या त्या विचारातच. न्यायाधीशाला वकिलाच्या टेबलावर चहाला बोलावता येत नाही, ते नियमात बसत नाही आणि शोभतही नाही. त्या बाई रोज सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या जेवत असणार हे आपल्याला सहा महिन्यांत सुचलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. दोन दिवस डोकं चालवून त्यांनी रस्ता काढला. बारतर्फे रीतसर अर्ज केला, की वकिलीचे विद्यार्थी आणि ज्युनियर यांच्यासाठी महिन्यातून एका शनिवारी कोर्टाच्या लायब्ररीत अभ्यासवर्ग घ्यावा आणि न्यायाधीश मॅडमनी त्याचं अध्यक्षस्थान स्वीकारावं. अर्जाचा कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी तीनदा तपासला. मॅडमनी वरिष्ठांची परवानगी आणली.

पहिल्या शनिवारी बिदरहून वीस-बावीस विद्यार्थी आले. त्यांना वाटलं होतं भाषणं असतील. आत गेल्यावर त्यांना डोक्यावर पदर घेतलेली, हातात पिशवी असलेली एक म्हातारी साक्षीदार म्हणून भेटली, आणि एकेकानं तिची उलटतपासणी करायची होती. म्हातारीनं पहिल्या तिघांना स्वतःच्या जावयाच्या दुखण्यात गुंतवलं, चौथ्याला उलट त्याचं लग्न झालंय का विचारलं आणि पाचव्याकडून घराचा पत्ता घेतला. खोट्या खटल्यात न्यायाधीश होत्या भुवनेश्वरी मॅडम. सहाव्या मुलीनं चिडून विचारलं, आजी, तुम्ही खरं कधी बोलता? आजी म्हणाली, शनिवार सोडून सगळ्या दिवशी. त्यावर मॅडम हसल्या. चांगल्या मोठ्यानं. नोटरीनं वेळ पाहून ठेवली, तीन वाजून वीस मिनिटं. नंतर सगळ्यांबरोबर लायब्ररीतच चहा झाला, आणि मॅडमच्या बशीत भजी कुणी वाढायची यावरून विरुपाक्षअप्पा आणि टायपिस्ट यांच्यात थोडी कुरबूरही झाली.

अडीच वर्षांनी मॅडमची बदली झाली. तोवर मंगलनं कोटाच्या बाह्या आखूड करून घेतल्या होत्या आणि ताईंच्याच ऑफिसात खिडकीजवळ तिचं स्वतःचं टेबल आलं होतं. एक दिवस शांतम्मा नावाची बाई तिच्याकडं आली. शेजाऱ्याच्या छपराचं पाणी तिच्या भिंतीवर पडायचं, भिंत फुगली होती, तिला दावा करायचा होता. मंगलनं कागद घेतले आणि शेजाऱ्याचं नाव वाचून परत केले. तो ताईंचा जुना पक्षकार होता.

ताईंनी ते आपल्या टेबलावरून ऐकलं होतं.

"कामून परत दिलेस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या विरुद्ध कशी उभी राहू ताई?"

"विरुपाक्षअप्पा चाळीस वर्षं उभे आहेत. त्यांचं काही वाईट झालं का? घे ते कागद. आणि उद्यापासून तुझं टेबल अप्पांच्या खोलीत लाव, इथं बसलीस तर माझ्या फायली वाचशील."

मंगल टेबल उचलून अप्पांकडं गेली. दावा चालला तेव्हा इंदुताईंनी आपलं सगळं भांडार बाहेर काढलं. दर तिसऱ्या प्रश्नाला हरकत. साक्षीदार अडखळायला लागला की त्यांचं पेन खाली पडायचं आणि घरंगळत मंगलच्या पायापर्यंत जायचं. मंगल साक्षीदारावरची नजर न काढता वाकायची, पेन उचलून मागं न बघता ताईंच्या हातात द्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायची. पाचव्यांदा पेन पडलं तेव्हा तिनं ते स्वतःच्या खिशात घातलं. इंदुताईंना पुढची सगळी टिपणं पेन्सिलीनं लिहावी लागली.

शेवटी दावा तडजोडीत मिटला. शेजाऱ्यानं छपराचं पन्हाळं रस्त्याकडं वळवायचं आणि भिंतीच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च द्यायचा ठरलं. त्या दुपारी बार रूममध्ये इंदुताई अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुरत होत्या. या पोरीला मी नको तेवढं शिकवलं, अर्धं राखून ठेवायला पाहिजे होतं. मंगल शेजारी बसून त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी खात होती.

"काय राखलं व्हतं का ताई?" तिनं विचारलं.

"राखलंय थोडं," इंदुताई म्हणाल्या आणि डबा तिच्याकडं सरकवला.